दोन वर्षांत डॉक्टर, दोन वर्षांत मदतनीस

डॉक्टरकीची वर्षं कमी करा, ही मागणी अधूनमधून उठते. ज्याच्याकडे आधीच पीएच.डी. आहे, ज्याने पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत पेशींशी, प्रथिनांशी, जंतूंशी झटापट केलीय, त्याला परत पहिल्या वर्गात बसवून तेच का घोकायला लावता? त्याची दोन वर्षं कापा. त्याला लवकर डॉक्टर होऊ द्या.

मी म्हणतो, कापा. खुशाल कापा. माझं भांडण कात्रीशी नाही. कात्री कोणाच्या हातात आहे आणि ती कोणाच्या नावाने चालते, याच्याशी आहे.

आता कोणी विचारील, तू कोण? मी गोदीत माल उतरवणारा. शिक्षण दहावी, म्हणजे बापाच्या भाषेत मॅट्रिक. रात्री कविता लिहितो. मेडिकलच्या शिक्षणावर बोलायचा अधिकार मला कोणी दिला? आजारी पडण्याने दिला. ज्यांच्या अंगावर डॉक्टर शिकतात तो वर्ग आमचा. सरकारी आणि म्युनिसिपल हॉस्पिटलच्या खाटांवर आम्ही झोपतो आणि शिकाऊ पोरं आमच्या दंडात शीर शोधतात. एकदा नाही सापडली तर दुसऱ्यांदा टोचतात. आम्ही दात आवळून हात पुढे करतो. मेल्यावरही सुटका नाही. महाराष्ट्रात १९४९ चा शरीरशास्त्राचा कायदा आहे. बेवारस मढं कॉलेजला देता येतं. बेवारस कोण मरतो? बंगल्यातला नाही मरत. फूटपाथवरचा मरतो, फलाटावरचा मरतो. त्याला चिरून पहिल्या वर्षाची पोरं माणूस आतून कसा असतो ते शिकतात. तेव्हा डॉक्टरकीची फी आम्ही आधीच भरलीय, कातडीने भरलीय. बोलायचा अधिकार आमचाच आहे.

तर ऐका. ही गोष्ट अमेरिकेतली आहे, कारण हा प्रयोग पहिल्यांदा धडाक्याने तिथेच झाला.

१९७१ साली मायामी विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने एक वाट काढली. शास्त्र विषयात पीएच.डी. झालेल्यांना दोन वर्षांत एम.डी. अमेरिकेत एम.डी. म्हणजे आपल्याकडच्या एम.बी.बी.एस.सारखी पहिली डॉक्टरी पदवी, आणि ती एरवी चार वर्षांची. इथे निम्म्यात. पहिले काही महिने मूळ शास्त्रं झपाट्याने उरकायची, मग सरळ वॉर्डात. आणि येणारे सगळे जीवशास्त्रवालेच होते असं नाही. त्यात गणितवाले, भौतिकवाले, इंजिनिअरिंगवालेही होते. म्हणजे ज्याने आयुष्यात बेडकाशिवाय काही फाडलं नाही, तोही दोन वर्षांत डॉक्टर. १९८९ पर्यंत हे चाललं. पाचशेच्या आसपास लोक या वाटेने डॉक्टर झाले. बरे डॉक्टर झाले. त्यांतले कित्येक पुढे मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले. आकाश कोसळलं नाही.

हे का झालं? कारण अमेरिकेत तेव्हा डॉक्टर कमी पडत होते आणि पीएच.डी.वाले जास्त झाले होते. चंद्रावर माणूस पोचला, शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या आटल्या, डिग्रीवाले रिकामे बसायला लागले. मग व्यवस्थेने त्यांच्यासाठी दार शोधलं. आपल्या माणसाला व्यवस्था कधी रस्त्यावर सोडत नाही.

आता दुसरी गोष्ट. तोच देश, सहा वर्षं आधी. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी एक कोर्स काढला. त्यात पहिल्यांदा चार जण घेतले. चौघंही नौदलातले माजी कोअरमन, म्हणजे लढाईत जखमी सैनिकाला पहिला हात लावणारे. पुढे देशभर असे कोर्स निघाले आणि व्हिएतनामवरून परतलेले असलेच मेडिक त्यांत भरती झाले. यांनी काय केलं होतं? चिखलात बसून फाटलेली शीर दाबली होती. गोळी लागलेल्याच्या छातीतली हवा काढली होती. कोणाला आधी उचलायचं, कोणाला मागे सोडायचं, हे डोक्यावर विमानं घोंघावत असताना ठरवलं होतं. ज्या गोष्टी मेडिकलचा विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षी लांबून बघतो, त्या यांनी विशीत हाताने केल्या होत्या.

यांनाही दोन वर्षांचाच कोर्स दिला. बरोबर दोन वर्षं.

आणि शेवटी काय झाले? फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरचा मदतनीस.

बघा दोस्तांनो, नीट बघा. हाही माणूस दोन वर्षं शिकला, तोही दोन वर्षं शिकला. एकाकडे आधीचं पुस्तक होतं, दुसऱ्याकडे आधीचा हात होता. पुस्तकवाला डॉक्टर झाला, हातवाला त्याचा मदतनीस झाला. ज्याने कधी रक्त पाहिलं नाही, त्याच्या सहीखाली, रक्तात कोपरापर्यंत भिजलेला माणूस काम करू लागला. मदतनिसाचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या जिवावर अमेरिकेतली खेडी तगली. पण तिथून वर जायला जिना नव्हता. ज्याला डॉक्टर व्हायचं त्याने सगळं पहिल्यापासून करावं, चार वर्षं, पूर्ण फी. २०११ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजने पी.ए.ला तीन वर्षांत डॉक्टर करणारी वाट काढली. १९६५ ते २०११. शेहेचाळीस वर्षं. पीएच.डी.वाल्यांना तेवढं थांबावं लागलं नाही.

हे आपल्याला कोणी समजावून सांगायला पाहिजे का? ज्ञान डोक्यात असलं की पवित्र, हातात असलं की विटाळ. हा धर्म अमेरिकेत कोणी नेला नाही, तिथे तो दुसऱ्या नावाने होताच. आपल्याकडे तो चार वर्णांच्या नावाने आहे. कातडं कमावणाऱ्याला चुना किती, साल किती, दिवस किती, हे सगळं माहीत. ती केमिस्ट्रीच आहे. पण तिला कोणी केमिस्ट्री म्हणालं नाही, ढोराचं काम म्हणाले. बाळंतपण करणाऱ्या दाईला पोर आडवं आलंय हे पोटावर हात ठेवून कळायचं. तिला कोणी विद्या म्हणालं नाही. नाळ कापणारी म्हणून तिला दाराबाहेर बसवलं.

आणि पुस्तक तरी सगळ्यांच्या हातात सारखं चालतं का? बाबासाहेब कोलंबियात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीला गेले. शिपाई लांबून फाइली फेकायचा. परदेशी विद्यापीठाच्या शिक्षणाने जातीचा कोर्स एक दिवसानेही कमी झाला नाही. त्याच कोलंबिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने अलीकडे पीएच.डी.वाल्यांसाठी तीन वर्षांची एम.डी. काढलीय. चांगली गोष्ट आहे. पण डिग्रीची किंमत डिग्रीवर लिहिलेली नसते, ती धरणाऱ्या हातावर ठरते, हे आपण विसरायचं नाही.

आता आपले पांढरपेशे मित्र म्हणतील, अहो, डॉक्टरकी म्हणजे पवित्र गोष्ट. त्यात वर्षं कमी-जास्त करायची नसतात. लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

खोटं. साफ खोटं. वर्षं काही दगडावर कोरलेली नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ ला फिलाडेल्फियाच्या कॉलेजात गेल्या आणि १८८६ ला एम.डी. झाल्या. तीन वर्षं. त्यांच्या नावाने पुस्तकं निघतात, सिनेमे निघतात, कोणी म्हणत नाही की बाई अर्धवट शिकली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुट्ट्या बंद करून चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत उरकला, कारण सैन्याला डॉक्टर पाहिजे होते. १९७१ साली तर त्यांच्या सरकारने कायदाच केला. तीन वर्षांत डॉक्टर घडवा आणि जादा पैसे घ्या. कितीतरी कॉलेजं तीनवर आली. पैसा आटला, तशी बहुतेक परत चारवर गेली. कॅनडात मॅकमास्टरने मात्र कॉलेज उघडलं तेच तीन वर्षांचं, आणि ते टिकलं. म्हणजे सत्तेला गरज पडली की वर्षं रबरासारखी आखूड होतात. आमची गरज पडली की लोखंडाची होतात.

ही चार वर्षांची चौकट अमेरिकेत घट्ट कोणी केली? १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या माणसाने अहवाल लिहिला. हा स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं फिरला आणि निकाल दिला. कित्येक भिकार कॉलेजं होती, धंदा होता, ती बंद झाली ते बरं झालं. पण त्याच झाडूने काळ्यांची कॉलेजंही झाडली. सात होती. हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोन उरली. काळ्या डॉक्टरचं काम काय, तर आपल्या लोकांना स्वच्छता शिकवणं, म्हणजे गोऱ्यांना रोग लागणार नाही, असा त्या अहवालाचा सूर. दर्जा वाढला म्हणे! दर्जा वाढला आणि काळी पोरं दाराबाहेर गेली. आज अमेरिकेत शंभरात तेरा माणसं काळी आहेत आणि शंभर डॉक्टरांत पाच-सहा. शंभर वर्षांनंतर, २०२० साली, तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने आपल्या पुरस्कारावरून फ्लेक्सनरचं नाव काढलं. नाव काढलं. बंद झालेली कॉलेजं कोण परत देणार?

ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या दलित पँथरने नाव घेतलं, त्यांना हे कळलं होतं. मायामीत पीएच.डी.वाल्यांसाठी दार उघडत होतं, त्याच सुमाराला पँथरांनी वस्त्यांमध्ये फुकट दवाखाने काढले होते. डॉक्टर-नर्स स्वयंसेवक होते, पण वस्तीतल्या पोरापोरींनाही त्यांनी रक्तदाब मोजायला शिकवलं, सिकलसेलसाठी रक्त तपासायला शिकवलं. घरोघर जाऊन तपासलं. सिकलसेल हा काळ्यांचा आजार म्हणून सरकारने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. या पोरांनी पाहायला लावलं. पण त्या पोरांच्या शिकण्याला कोणत्या विद्यापीठाने दोन वर्षांची सूट दिली? कोणी नाही.

आता आपल्या देशात या.

इंग्रजांच्या काळात आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक ग्रॅज्युएट, विद्यापीठाचा. दुसरा लायसेन्शिएट, कमी वर्षांचा, कमी खर्चाचा. मुंबई इलाख्यात जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर एल.सी.पी.एस. लिहिलेलं असायचं, तो हाच. तालुक्याच्या गावाला, बाजारपेठेत बसायचा तो हाच. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशातल्या सत्तेचाळीस हजारांवर नोंदलेल्या डॉक्टरांत जवळजवळ ३० हजार लायसेन्शिएट होते. समिती म्हणाली, हे बंद करा, एकच डॉक्टर ठेवा, पूर्ण शिकलेला. समितीतल्याच काही सभासदांनी वेगळं मत नोंदवलं, की एवढ्या मोठ्या देशात हे परवडणार नाही. त्यांचं कोणी ऐकलं नाही. एकच दर्जा ही गोष्ट ऐकायला गोड आहे. गरिबाला अर्धा डॉक्टर का, हा सवाल मलाही पटतो. पण पूर्ण डॉक्टर खेड्यात गेलाच नाही. तो शहरात बसला, मग लंडनला गेला, मग अमेरिकेला. गरिबाला अर्धाही मिळाला नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या जुन्या लायसेन्शिएट डॉक्टरांसाठी काही विद्यापीठांनी ‘कंडेन्स्ड’ एम.बी.बी.एस. काढलं होतं. म्हणजे तू एवढं शिकलायस, एवढं केलंयस, ते धरतो, उरलेलं शीक आणि पूर्ण डॉक्टर हो. म्हणजे या देशात हे झालेलं आहे. होऊ शकत नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्या तोंडावर हे फेका.

पुढे काय झालं? २००१ साली छत्तीसगडने खेड्यांसाठी तीन वर्षांचा कोर्स काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी बोंब ठोकली. दर्जा! जिवाशी खेळ! काही वर्षांत कोर्स बंद पडला. जी पोरं शिकून बाहेर पडली ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत लागली. २०१० साली त्यांची तपासणी झाली, तेव्हा नेहमीच्या आजारांत ती एम.बी.बी.एस. डॉक्टरच्या जवळपास बरोबरीने उतरली. आसामनेही असाच तीन वर्षांचा डिप्लोमा काढला होता. २०१४ ला हायकोर्टाने तो कायदा उडवला, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला.

आणि त्याच २०२३ च्या सप्टेंबरात काय झालं? मेडिकलच्या पोस्ट-ग्रॅज्युएट प्रवेशाची, नीट-पीजीची, पात्रतेची रेघ सरकारने शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. का? तर जागा रिकाम्या राहत होत्या, आणि खाजगी कॉलेजात रिकामी जागा म्हणजे बुडालेले लाखो रुपये. आमच्या पोराला चार मार्क कमी पडले की ज्यांची मेरिट-मेरिट म्हणून छाती फुटते, ते मेरिटवाले तेव्हा कोणत्या बिळात होते? कोणी मोर्चा काढला? कोणी बूटपॉलिश करून निषेध केला? मेरिट म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पैसेवाल्यासाठी मेरिट शून्यावर येतं, आमच्यासाठी ते नव्व्याण्णववर बसून राहतं.

आता मूळ मुद्द्यावर. कापायचं ते काय कापायचं?

पीएच.डी. म्हणजे विहीर. अरुंद, पण खोल. एका प्रश्नाच्या मागे माणूस पाच वर्षं खणत जातो. डॉक्टरकी म्हणजे शिवार. उथळ नाही, पण चारी बाजूंनी पसरलेलं. खोकला, ताप, गर्भ, हाड, वेड, सगळंच येतं दारात. ज्याने विहीर खणली त्याला खणायची सवय आहे, हे मान्य. बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. झालेल्याला परत ग्लुकोजचं चक्र घोकायला लावणं हा वेडेपणा आहे. आपल्याकडचा वेडेपणा तर त्याच्या पुढचा. मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री शिकवणारे काही शिक्षक स्वतः डॉक्टर नसतात. एम.एस्सी., पीएच.डी. करून आलेले असतात. ते एम.बी.बी.एस.च्या पोरांना शिकवतात, त्यांचे पेपर तपासतात. उद्या त्यांतल्या कोणाला डॉक्टर व्हायचं झालं, तर नीट द्या आणि पहिल्या वर्षाला बसा. म्हणजे स्वतःच्याच वर्गात, स्वतःच्याच विषयाची हजेरी लावा! साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. एक दिवस कमी नाही. २०२२ मध्ये नीटची वयाची अट काढली. दार उघडलं, पण जिना तेवढाच उंच ठेवला.

तेव्हा त्याला माहीत असलेला विषय कापा. पण रासायनिक चक्र पाठ असणाऱ्याने म्हाताऱ्याच्या पोटावर हात ठेवलेला नाही. त्याचा वॉर्ड कापू नका. आमच्या खाटेपाशी उभं राहून जे शिकायचं ते पीएच.डी.च्या कागदाने भरून निघत नाही. २०१४ ला महाराष्ट्राने होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहायची मुभा दिली. एका वर्षाच्या कोर्सने औषधांची नावं येतात, वॉर्ड येत नाही. मी मागतोय ती सूट ही नाही. ज्याने जे केलंय तेवढंच धरा. न केलेलं धरू नका, मग तो कोणीही असो.

आणि इथेच माझा सवाल आहे. ज्याने वॉर्ड केलाय त्याचं काय?

माझी ताई नर्स आहे. तीन वर्षं जी.एन.एम. केलं, नऊ वर्षं आय.सी.यू.त काढली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, तिची नोकरी आहे. रात्री दोन वाजता पेशंटचा श्वास बदलला की मशीन ओरडायच्या आधी तिला कळतं. नवीन रेसिडेंट येतो, चोवीस-तीस तास न झोपलेला, कोवळा पोरगा. हळूच विचारतो, “सिस्टर, याला किती द्यायचं?” ताई सांगते. तो लिहितो. सही त्याची. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर म्हणतात, शाब्बास. ताई कोपऱ्यात बेडपॅनचा हिशोब लिहीत असते.

मी तिला म्हणालो, “ताई, तू डॉक्टर हो.” ती हसली. म्हणाली, “येड्या, माझं बारावी आर्ट्स. परत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी करायचं, मग नीट, मग साडेपाच वर्षं. घरी पगार कोण आणणार, तू?”

यात मला राग कशाचा येतो सांगू? फिजिक्सचा नाही. शीक म्हणाले तर ती शिकेल. राग याचा, की तिच्या नऊ वर्षांची किंमत शून्य. कागदावर एक तासही नाही. पीएच.डी.ची पाच वर्षं मोजायला जगभर तराजू तयार आहे, नऊ वर्षांच्या नाइट ड्यूट्या मोजायला तराजूच नाही. नर्सला ‘का’ ठाऊक नसतं, फक्त ‘कसं’ ठाऊक असतं, असं म्हणणारे आहेत. ठीक. परीक्षा घ्या. ‘का’ विचारा. नाही आलं तर नापास करा. पण विचारा तरी! न विचारताच नापास करणं हा जुना धंदा झाला.

गोदीत हे रोज बघतो. आमचा मुकादम वीस वर्षं कॉइल उतरवतोय. लोखंडाची कॉइल वर उचलली, की दोर कुठल्या बाजूला ताणतोय ते बघून तो ओरडतो, “हटा!” आणि आमचे पाय वाचतात. त्याच्यावर सुपरवायझर म्हणून डिप्लोमावाला पोरगा येतो. पोरगा वाईट नाही. पण मुकादमाला सुपरवायझर व्हायचं असेल तर डिप्लोमा पहिल्या दिवसापासून करावा लागेल, आणि पोराला मुकादमाचं काम शिकायची गरज कोणालाच वाटत नाही.

कोणी म्हणेल, तू पीएच.डी.वाल्यांच्या विरोधात आहेस. अजिबात नाही. आज पीएच.डी. करणाऱ्यांत आपलीही पोरं आहेत. बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसलेली पोरं मी पाहिलीत. गाइडच्या घरची भाजी आणून, हॉस्टेलच्या खोलीत डब्याचे पैसे चुकवून, घरातला पहिला ग्रॅज्युएट, पहिला डॉक्टरेट होणारा पोरगा तिशी ओलांडतो. त्याला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर तो साडेपाच वर्षं बिनपगारी कुठून काढणार? वर्षं म्हणजे पैसा. श्रीमंताच्या घरी वर्षं फुकट असतात, बाप भरतो. आमच्या घरी एकेक वर्ष म्हणजे बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन, गळकं छप्पर. म्हणून वर्षं कापण्याची खरी गरज आम्हाला आहे. सगळ्यात जास्त आम्हाला. पण ती कापताना कागद बघून कापाल तर फायदा त्यालाच होईल ज्याच्याकडे कागद जमवायला वर्षं होती.

आणि एक सावधगिरी. असली छोटी वाट निघाली, की ती ‘खास योजना’ म्हणून निघेल. खास योजनेत आरक्षण नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पंचेचाळीस मोठ्या पदांची ‘लॅटरल एन्ट्री’ची जाहिरात काढली, आरक्षणाशिवाय. बोंब झाली तेव्हा तीन दिवसांत मागे घेतली. बोंब झाली नसती तर? तेव्हा डोळे उघडे ठेवा. आखूड वाट ही मागच्या दाराची वाट होऊ द्यायची नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

एक. सूट डिग्रीला नको, येण्याला द्या. विषयवार परीक्षा ठेवा. बायोकेमिस्ट्री आली, बायोकेमिस्ट्री माफ. पीएच.डी.वाला बसो, नर्स बसो, लॅबमधला टेक्निशियन बसो, फार्मासिस्ट बसो, ए.एन.एम. बसो. पेपर एकच.

दोन. हाताचीही परीक्षा घ्या, खाटेपाशी घ्या. ज्याला वॉर्डातलं काम येतं त्याचं तेवढं धरा. ज्याला येत नाही त्याचा वॉर्ड एक दिवसानेही कापू नका, मग तो केंब्रिजचा पीएच.डी. का असेना.

तीन. या वाटेच्या प्रत्येक जागेवर आरक्षण. कॉलेज सरकारी असो की खाजगी.

चार. शिकताना पगार किंवा पुरेसा स्टायपेंड. फी नाही. ज्याच्यामागे घर आहे त्याला उपाशी ठेवून दार उघडं आहे म्हणू नका.

पाच. मदतनीस, सहायक, प्रोव्हायडर अशी नावं देऊन माणसाला अर्ध्या जिन्यात अडकवू नका. ज्याला वर यायचंय त्याला पायऱ्या द्या.

हे अवघड आहे का? अजिबात नाही. लायसेन्शिएटला जमलं, मायामीला जमलं, युद्धात जमलं. अवघड एवढंच आहे, की उद्या ताईसारखी बाई गळ्यात स्टेथोस्कोप घालून राउंड घेईल आणि कोणाच्या तरी पोटात दुखेल. त्या पोटदुखीवर औषध आमच्याकडे नाही. असलं तरी आम्ही देणार नाही.

दोस्तांनो, वर्षं कापायची चर्चा जिथे होईल तिथे घुसा. कॉलेजात, युनियनमध्ये, वस्तीच्या दवाखान्यात. डॉक्टरांच्या सभेत मागच्या बाकावर बसू नका, पुढे जाऊन उभे राहा आणि एकच विचारा: पुस्तकाची पाच वर्षं मोजता, मग हाताची नऊ वर्षं का मोजत नाही? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

माप एकच लावा. नाही जमत, तर कात्री इकडे द्या. गोदीत आम्ही रोज दोर कापतो.